परतीची वाट असलेला माणूस

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत घराला रंग द्यायचा म्हणून माडीवरची लोखंडी पेटी रिकामी केली. जुनी पगारपत्रके, निवडणूक ड्युटीचे आदेश, मुलांची लसीकरणाची कार्डे आणि सगळ्यांत खाली एक दोनशे पानी वही. पुठ्ठ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेले : ‘गोंडी गीते – संकलन’. आत अठ्ठेचाळीस गाणी, शब्दार्थासह. बहुतेक गाण्यांखाली एकच ओळ : ‘सांगणारी – एक वृद्धा, वय अंदाजे साठ.’

या वहीच्या बळावर मी एम. ए. चा लघुप्रबंध लिहिला. परीक्षकांनी पाठ थोपटली. गुणही बरे पडले. पुढे नोकरीत एक वेतनवाढ मिळाली, तिच्यातही त्या पदवीचा वाटा होताच. ती ‘एक वृद्धा’ कोण हे मला पक्के ठाऊक आहे. तिच्या हातची पेज मी प्यालो आहे. पण तिचे नाव त्या वहीत कुठेच नाही.

गोष्ट १९९५ ची. वय पंचवीस. पहिली नेमणूक तामियाच्या पलीकडच्या डोंगरातल्या एका गोंड वस्तीत. पांढुर्णा-सावरगावच्या काळ्या मातीत, संत्र्यांच्या बागांत वाढलेल्या माणसाला तो मुलूख परदेशच वाटला. भाषा वेगळी, देव वेगळे, जेवणाची वेळ वेगळी. पावसाळ्यात रस्ता तुटे आणि मग आठ-आठ दिवस वर्तमानपत्राचे तोंड दिसत नसे. शाळा म्हणजे एक खोली आणि शिक्षक म्हणजे मी. पहिल्याच पावसाळ्यात हिवतापाने आडवा झालो. शेजारच्या झोपडीतली म्हातारी रोज सकाळी मातीच्या भांड्यात कुटकीची पेज घेऊन यायची, माझ्या उशाशी बसायची आणि मी ती संपवली की भांडे घेऊन निघून जायची. एकोणीस दिवस. मी मोजले होते, कारण रजेचा अर्ज भरायचा होता! बरा झाल्यावर तिच्या ओसरीवर बसून मी गाणी उतरवू लागलो. मी तिला आजी म्हणत असे. ती मला गुरुजीच म्हणे, पण एकेरीत हाक मारून.

तीन वर्षांनी बदलीचा हुकूम आला. बस घाटाच्या तोंडाशी उभी राहायची, तिथपर्यंत ती आली होती. तिने विचारले, ‘‘गुरुजी, कब आओगे?’’ मी म्हणालो, ‘‘दिवाली के बाद.’’ कोणत्या दिवाळीनंतर, हे मी सांगितले नाही आणि तिनेही विचारले नाही.

त्यानंतर पंचवीसहून अधिक दिवाळ्या झाल्या.

ही वही हातात घेऊन बसलो असता मला व्हेरिअर एल्विन आठवले. कुठे तो ऑक्सफर्डचा पंडित आणि कुठे हा सावरगावचा मास्तर, असे वाचक म्हणतील. तुलना विद्वत्तेची नाहीच. पण परक्या गावात जाऊन राहणे, तिथल्या लोकांचे भले करू पाहणे, त्यांचे अन्न खाणे, त्यांची गाणी लिहून घेणे आणि मग एक दिवस तिथून निघणे, हा व्यवहार दोघांचाही सारखाच आहे. त्याने तो मोठ्या प्रमाणावर केला, मी लहान. आणि तो केला कुठे? याच आमच्या जुन्या मध्य प्रांतात, सातपुड्याला पुढे जाऊन मिळणाऱ्या मैकल डोंगरात.

एल्विन यांचा जन्म १९०२ चा, इंग्लंडमधल्या डोव्हरचा. वडील ख्रिस्ती धर्मगुरू, पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनचे बिशप. त्या किनाऱ्याला तेव्हाचे इंग्रज गोऱ्यांचे कबरस्तान म्हणत. १९०९ मध्ये वडील तिकडेच गेले. मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. म्हणजे दूरच्या लोकांचे कल्याण करायला जाणे आणि परत न येणे, हे या मुलाने पुस्तकातून नव्हे, घरातून शिकलेले. ऑक्सफर्डमध्ये त्याने इंग्रजी साहित्यात आणि धर्मशास्त्रात पहिला वर्ग मिळवला. सुखाची प्राध्यापकी किंवा चर्चमधली मोठी जागा सहज मिळाली असती. ते सोडून १९२७ मध्ये तो पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात दाखल झाला. पुढे आत्मचरित्रात त्याने याचे कारण दिले आहे. आपल्या घराण्यातल्या लोकांनी हिंदुस्थानातून नेलेच आहे, तेव्हा त्याच घराण्यातल्या कुणीतरी तिथे काही द्यायला जावे, असा त्याचा भाव होता. प्रायश्चित्तच म्हणा ना.

पुण्यात त्याला शामराव हिवाळे भेटले. मराठी ख्रिस्ती घरातला हा तरुण एल्विनचा जन्माचा सोबती झाला. साबरमतीला जाऊन एल्विन गांधीजींच्या प्रभावाखाली आले. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे मुंबईत मणिभवनच्या गच्चीवरून गांधीजींना पकडून नेले, तेव्हा एल्विन तिथेच होते. गोंडांत जाऊन काम करावे हा विचार जमनालाल बजाज यांनी त्यांच्या मनात घातला होता. त्याच महिन्याच्या अखेरीस एल्विन आणि शामराव मंडला जिल्ह्यातल्या करंजिया गावी पोचले. हा भाग आता दिंडोरी जिल्ह्यात आहे. अमरकंटक तिथून फार लांब नाही. टेकडीवर मातीच्या झोपड्या बांधून त्यांनी आश्रम उघडला. शाळा, दवाखाना, कुष्ठरोग्यांसाठी निवारा. गावकरी एल्विनना बडा भाई म्हणत आणि शामरावांना छोटा भाई.

आश्रमाचे पुढे काय झाले, ते मला फार महत्त्वाचे वाटते. आरंभी तिथे प्रार्थना, खादी, ब्रह्मचर्य असे सारे यथासांग होते. पण गोंडांमध्ये राहता राहता एल्विनच्या एकेक गोष्ट ध्यानात येऊ लागली. जिथे कापूस पिकत नाही तिथे चरखा कशासाठी? ज्याच्या देवाला मोहाच्या दारूची धार लागते, जन्माला आणि मरणाला ती लागते, त्याला दारूबंदीचे व्याख्यान कोणत्या तोंडाने द्यायचे? हे लोक आपल्याहून कमी सुसंस्कृत आहेत, हे कुणी ठरवले? शिकवायला आलेला माणूस हळूहळू शिकू लागला. १९३५ मध्ये त्याने चर्चशी असलेले नाते तोडले. करंजियातल्या दिवसांची रोजनिशी १९३६ मध्ये पुस्तकरूपाने आली. तिच्यात आपल्या फजितीची वर्णने इतक्या मोकळेपणाने केलेली आहेत की वाचताना हसू आवरत नाही. परोपकार करायला निघालेल्या माणसाला स्वतःवर हसता येणे, हा दुर्मिळ गुण आहे. आमच्या शिक्षण खात्यात तर फारच.

पुढे ती मंडळी पाटणगढला राहायला गेली. एल्विनच्या लेखणीतून ग्रंथामागून ग्रंथ बाहेर पडले : १९३९ मध्ये बैगांवर, १९४२ मध्ये लोखंड गाळणाऱ्या अगरियांवर, १९४७ मध्ये बस्तरच्या मुरियांवर आणि त्यांच्या घोटुलावर. बैगा लोक नांगर धरीत नसत, कारण धरणी ही आई आणि तिची छाती फाडणे हे पाप. ते रान तोडून, जाळून, राखेत बी फेकत. त्याला बेवर म्हणतात. इंग्रज सरकारने बेवर बंद केली आणि १८९० मध्ये एका लहानशा भागापुरती, बैगाचकापुरती, ती राहू दिली. या माणसांच्या कंबरेतले बळ कसे गेले, हे एल्विनने पोटतिडकीने लिहिले. आणि उपाय म्हणून सुचवले की बैगांसाठी एक राखीव प्रदेश असावा, जिथे सावकार, ठेकेदार, मिशनरी कुणीच त्यांना उपद्रव देणार नाही. त्यासाठी त्याने जो शब्द वापरला तो त्याला जन्मभर पुरून उरला : नॅशनल पार्क. जणू माणसे नव्हेत, वाघच!

आमच्या मराठी मुलखातून याला खणखणीत उत्तर गेले. मूळ मालवणचे, मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणारे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९४३ मध्ये ग्रंथ लिहून सांगितले की ज्यांना तुम्ही आदिवासी म्हणता ते वस्तुतः मागासलेले हिंदू होत. त्यांना वेगळे ठेवणे म्हणजे त्यांचे नुकसान करणे. ठक्करबाप्पांचाही सूर साधारण तोच होता. या वादात कोण बरोबर, हा विषय आजच्या लेखाचा नाही आणि माझ्या आवाक्यातलाही नाही. मला एवढेच दिसते की दोन्ही बाजू गोंड-बैगांबद्दल बोलत होत्या, इंग्रजीत बोलत होत्या, आणि ज्यांच्याविषयी हे चालले होते त्यांतल्या एकालाही ते वाचता येत नव्हते. तरी घुर्ये मुंबईत बसून लिहीत होते, एल्विन रानात. रानात राहणाऱ्याचा शब्द अधिक खरा मानावा, असे आपल्याला सहज वाटते. रान किंमतही घेते. घुर्ये यांच्याच विद्यार्थिनी दुर्गाबाई भागवत मध्य प्रांतातल्या गोंडांत अभ्यासासाठी हिंडल्या आणि रानातल्या अन्नाची विषबाधा होऊन पुढे कित्येक वर्षे अंथरुणाला खिळल्या, हे मराठी वाचकांना माहीत आहे. पण सोसले म्हणून माणूस तिथला होतो का? हिवताप तर मलाही आला होता.

इथे मला आमच्या गावाविषयी थोडे बोलले पाहिजे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा बांधतात, आणि अलीकडून सावरगाव, पलीकडून पांढुर्णा असे दोन्ही काठ एकमेकांवर दगड फेकतात. गोटमार. दरवर्षी शेकड्यांनी डोकी फुटतात. काही वर्षी माणसेही गेली आहेत. प्रशासनाने एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू वाटून पाहिले, ते लोकांनी बाजूला ठेवले. नागपूर-भोपाळकडून कॅमेरे घेऊन मंडळी येतात. संध्याकाळच्या गाडीने परत जातात, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात आम्ही रानटी ठरतो. तेव्हा मला राग येतो. आता गंमत अशी की माझे स्वतःचे मतही ही दगडफेक थांबावी असेच आहे. माझ्या शाळेतली पोरे टाके घालून वर्गात बसलेली मी पाहिली आहेत. मग त्या पत्रकाराचा राग का यावा? तो खोटे तर लिहीत नाही!

पुष्कळ विचार केल्यावर मला जे उमगले ते असे. मी गोटमारीविरुद्ध बोललो की दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात मला चार लोक अडवतात. ‘‘काय मास्तर, बापजाद्यांचं बंद कराले निघाले का?’’ मला उत्तर द्यावे लागते. माझ्या चुलत्याला उत्तर द्यावे लागते, ज्याच्या कपाळावर तिथली खूण आहे. उत्तर देता देता माझे मत थोडे वाकते, थोडे पक्के होते. पत्रकाराला कुणी अडवू शकत नाही. त्याच्यावर गावाचा हक्क नाही.

मला वाटते, परक्या गावात राहून सेवा करणाऱ्याची कसोटी इथेच लागते. त्याने किती त्याग केला, किती वर्षे काढली, किती शाळा उघडल्या हे हिशेब आपण नेहमी करतो. पण त्या गावाला त्याच्याकडे जाब मागता येतो का? त्याच्या येण्यावर, राहण्यावर, जाण्यावर गावाची काही सत्ता चालते का? ती चालत नसेल तर तो कितीही प्रेमळ असला तरी पाहुणाच. आणि पाहुण्याला आपण वाढतो, त्याच्याशी भांडत नाही.

याच्या उलटही बोलता येते, आणि ते बोलणे खोटे नाही. १९६१ मध्ये अमेरिकेच्या केनेडी सरकारने पीस कोर काढले आणि त्याची पहिली तुकडी पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशात शिक्षक म्हणून उतरली. नेमणूक दोन वर्षांची. आपल्या देशातही हे स्वयंसेवक १९६१ ते १९७६ पर्यंत येत होते. कोंबड्या, विहिरी, शाळा असल्या कामांत राबत. आता ही पोरे दोन वर्षांनी परत जाणार हे गावाला पहिल्या दिवसापासून माहीत असते. त्यात फसवणूक कुठली? घानातल्या मुलाला बीजगणित आले ते आलेच. करंजियाच्या निवाऱ्यात ज्या कुष्ठरोग्याच्या जखमा धुतल्या गेल्या, त्याने धुणाऱ्याला परतीची तारीख विचारली नसणार. जे कायमचे राहतील त्यांनीच यावे असा नियम केला तर जगातली निम्मी सेवा बंद पडेल आणि दुःख मात्र तेवढेच राहील. म्हणून निघून जाणे हा दोष मी मानत नाही. एल्विन पाटणगढ सोडून गेले नसते तर १९५४ मध्ये ईशान्य सीमेवर, तेव्हाच्या नेफामध्ये, आदिवासी विषयांचे सल्लागार झाले नसते. तिथे घाईघाईने कुणावर काही लादू नये, बाहेरची माणसे भारंभार पाठवू नयेत, हे धोरण पंडित नेहरूंनी उचलून धरले, त्यात या माणसाच्या मंडल्यातल्या वर्षांचा अर्क होता. नॅशनल पार्कचा हट्टही तोवर गळून पडला होता. आदिवासींना संग्रहालयातल्या वस्तूंसारखे ठेवायचे नाही, असे तो स्वतःच सांगू लागला होता. त्याच वर्षी त्याने भारताचे नागरिकत्व घेतले. म्हणजे एका अर्थाने परतीची वाट त्याने स्वतःच्या हाताने मोडली. १९६१ मध्ये पद्मभूषण झाला. २२ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीत वारला, आणि आत्मचरित्राला मरणोत्तर साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

सगळे खरे. पण या चरित्रात एक पान असे आहे की तिथे मी दर वेळी अडखळतो.

१९४० मध्ये एल्विनने कोसी नावाच्या गोंड तरुणीशी गोंड रीतीने लग्न केले. मुलगी तिथल्याच, रैतवार गावची. साहेबाने आदिवासी मुलीशी लग्न केले म्हणून तेव्हा वर्तमानपत्रांतून बोभाटा झाला. आपल्याला त्यात आज उलट मोठेपणाच दिसेल. मिशनरी, साहेब, समाजसुधारक यांपैकी किती जणांनी सेवेच्या धन्याशी सोयरीक केली? हा तर खरोखर गावात मिसळला, असे कोणीही म्हणेल. नऊ वर्षांनी, १९४९ मध्ये, घटस्फोट झाला. तो झाला कलकत्त्याच्या न्यायालयात. लग्न लागले होते मांडवात, गावासमोर. मोडले ते शेकडो कोस दूर, ज्या भाषेत कोसीला एक वाक्य बोलता आले नसते त्या भाषेत.

नवरा-बायकोत काय बिघडले, कोणाचे किती चुकले, यात शिरण्याचा मला अधिकार नाही. लग्ने मोडतात, गोंडांतही मोडतात, आणि पंचांसमोर दोन्ही बाजू बोलतात. माझा मुद्दा तेवढाच आहे. ज्या माणसाने जन्मभर सांगितले की यांच्या पंचायती आपल्या कोर्टांपेक्षा शहाण्या आहेत, त्याने स्वतःवर वेळ आली तेव्हा आपल्या जन्माच्या मुलखाचा कायदा वापरला. आत्मचरित्रात तीनेकशे पाने आहेत. बैगांचे मंत्र आहेत, मुरियांची प्रेमे आहेत, नेफाच्या वाटा आहेत. कोसीविषयी मात्र दुःख आणि अपयशाचा उच्चार करून, लिहवत नाही असे म्हणून तो पुढे जातो. ते दुःख खोटे नव्हते असेच मी मानतो. पण लिहवत नाही असे म्हणण्याची सोय ज्याच्या हातात लेखणी असते त्यालाच असते. कोसीबाई पुढे रैतवारलाच राहिल्या. गरिबीत राहिल्या. या शतकाच्या आरंभी काही बातमीदार शोधत गेले तेव्हा त्या म्हाताऱ्या झाल्या होत्या, आणि तेव्हा कुठे त्यांची बाजू चार ओळींत छापून आली.

आणि शामराव? त्यांच्याविषयी आपण मराठी माणसांनी किती लिहिले? एल्विन बस्तर, ओरिसा, पुढे शिलाँग असे हिंडत राहिले, तेव्हा पाटणगढच्या शाळा, औषधे, भांडणे, पोलिसांच्या भानगडी हे सारे शामराव निस्तरत. त्यांनी स्वतःही लिहिले. १९४६ मध्ये नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातल्या परधानांवर त्यांचा ग्रंथ आला; परधान म्हणजे गोंडांचे भाट, त्यांच्या वंशावळ्या आणि कथा गाणारे. एल्विन यांच्यावरही त्यांनी त्याच वर्षी एक पुस्तक लिहिले. आपल्या मित्रावर पुस्तक लिहावे आणि स्वतः त्याच्या सावलीत राहावे, हा स्वभाव. बडा भाई गेला, छोट्या भाईने तो मुलूख सोडला नाही. राहिला म्हणून तो थोर, असे मी म्हणत नाही. राहणारेही कधीकधी गावाचे मालक होऊन बसतात, आमच्या तालुक्यात अशी उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही. पण शामरावांना रोज सकाळी दारात उभ्या असलेल्या माणसाला तोंड द्यावे लागे. काल दिलेल्या औषधाने उतार पडला नाही, तर तो माणूस आज पुन्हा तिथेच उभा असे.

एल्विन आणि हिवाळे या दोघांनी मिळून मैकल डोंगरातल्या लोकगीतांचा मोठा संग्रह १९४४ मध्ये काढला. त्याच्या मुखपृष्ठावर दोन नावे आहेत. गाणाऱ्यांची नावे मुखपृष्ठावर कशी येणार, ती शेकडो असतील, असा बचाव करता येईल. मीही केला असता. पण त्याच पाटणगढात पुढे, १९६० मध्ये, जनगढसिंह श्याम या परधान मुलाचा जन्म झाला. घराच्या भिंतीवरची त्याची चित्रे पाहून १९८१ मध्ये भोपाळच्या भारत भवनची माणसे त्याला घेऊन गेली. जे. स्वामीनाथन यांनी त्याला पोटच्या पोरासारखे वागवले. त्याची चित्रे १९८९ मध्ये पॅरिसपर्यंत पोचली. २००१ मध्ये जपानमधल्या एका संग्रहालयासाठी काम करत असताना, घरापासून हजारो मैलांवर, त्याने आत्महत्या केली. पाटणगढात येणाऱ्याची कथा एका टोकाला, पाटणगढातून नेल्या गेलेल्याची दुसऱ्या टोकाला. जनगढला परत येण्याची वाट होती की नव्हती, यावर पुष्कळ बोलले गेले आहे. मला त्याच्या मागून आलेल्यांचे अधिक कौतुक वाटते. त्याचा पुतण्या भज्जू श्याम याला २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. आज पाटणगढच्या कितीतरी घरांतली माणसे चित्रे काढतात आणि प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात स्वतःचे नाव घालतात.

तो कोपरा मला वहीकडे घेऊन आला.

पोळा आणि गोटमार आटोपल्यावर, एका रविवारी, वहीची झेरॉक्स काढून, तिला चांगले पुठ्ठे घालून मी तामियाची बस धरली. घाट तोच. वस्तीपर्यंत आता सिमेंटचा रस्ता आहे, शाळेला चार खोल्या आहेत, आणि शिक्षक तिथलाच, गोंड मुलगा. माझ्या वेळी बहुधा जन्मलाही नसेल. आजी कधीच गेली होती. २००४ साली, असे एकाने सांगितले. दुसरा म्हणाला, त्याच्याही आधी. तिची नात घरी होती. तिशीच्या पुढची बाई, पंचायतीत पंच आहे. मी ओळख सांगितली. तिने थोडा वेळ माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, ‘‘आप वो दिवाली वाले गुरुजी?’’

मी मान डोलावली. आणखी काय करणार? म्हातारीने किती वर्षे ते घरात सांगितले असेल, याचा हिशेब मी करू लागलो आणि मग सोडून दिला.

तिने आत जाऊन चहा टाकला. मी वही पुढे ठेवली. तिला वाचता येत होते. पाने चाळता चाळता दोन-तीन ठिकाणी ती थांबली आणि एका गाण्यात मी शब्द चुकीचा लिहिला आहे, अर्थही चुकीचा लावला आहे, असे तिने सांगितले. पेरणीचे गाणे म्हणून जे मी परीक्षकांना ऐकवले ते पेरणीचे नव्हतेच. ते मुलगी सासरी निघते तेव्हाचे होते. मग तिने एका पानाच्या खाली बोट ठेवले आणि विचारले, ‘‘ये एक वृद्धा कौन है?’’

मी सांगितले. ती काही बोलली नाही. रागावलीही नाही, रागावली असती तर बरे वाटले असते. एवढ्यात चुलीवरचा चहा उतू गेला म्हणून ती उठली.

परत आल्यावर मी खिशातले पेन काढले आणि नाव विचारले. ती एक नाव सांगू लागली, तोवर ओसरीवर बसलेले तिचे काका म्हणाले, नाही, ते तर सासरचे. माहेरचे वेगळे होते. मग शेजारच्या एका म्हाताऱ्याला बोलावणे गेले. तो म्हणाला, तिला सगळे तिसऱ्याच नावाने हाक मारत. नेमके कोणते लिहायचे यावर तिघांचा गोंडीत बराच वेळ वाद चालला. मला त्यातले अर्धेच समजत होते. तीन वर्षांत शिकलेली भाषा पंचवीस वर्षांत बरीचशी गेली होती. मी पेन उघडे धरून बसून राहिलो. शेवटची बस चारची होती. ती गेली तेव्हा वाद संपलेला नव्हता, आणि मला मुक्कामाला थांबावे लागणार हे नातीनेच परस्पर ठरवून टाकले होते.